शिट्टी नसलेला कुकर

३ डिसेंबर, बुधवार

परसात आज पुन्हा दोन घमेली टमाटे. काल एक, परवा दीड. वाटून वाटून गल्ली दमली. समोरच्या घरी पिशवी घेऊन निघालो तर आतून कडी लागली. ऐकली मी.

बिया कुसुमच्या. गेल्या हिवाळ्यात तिनं वहीच्या कागदावर चिकटवून वाळवलेल्या. फाल्गुनात ती गेली. आषाढात मी त्या कागदासकट वाफ्यात पुरल्या. कागदावर माझ्या हस्ताक्षरातली अर्धी कविता होती. तीही रुजली असणार, नाहीतर एवढं पीक कशाचं?

४ डिसें.

लेकीनं, सु.नं, पुण्याहून खोकं पाठवलं. स्लो कुकर. आत दगडासारखं जड भांडं, वर काचेचं झाकण. शिट्टी नाही. शिट्टी नाही तो कुकर कसला?

फोनवर म्हणाली, "बाबा, गॅसवर ठेवून तुम्ही कवितेत जाता. किती पातेली जाळलीत? यात टाका अन् विसरा. आईची चटणी करा. मी चौदाला येतेय, रविवारी. तिच्या चवीची एक बरणी मला पायजे. एकच."

हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, कृती कुठंच लिहिलेली नाही. बेचाळीस वर्षं खाल्ली, एकदाही ओट्याशी उभा राहून पाहिली नाही. शाळेत मुलांकडून चाळीस-चाळीस कविता पाठ करून घेतल्या, आणि घरातली ही एक…

६ डिसें., शनि.

सकाळी नऊला लावला. टमाटे, लसूण, गूळ, तिखट, मीठ. वर तांब्याभर पाणी, ही माझी अक्कल.

भांडं मुकं. गॅसवरची चटणी बोलायची. आधी नुसती घाई, मग लगागा लगागा, सरळ भुजंगप्रयात. शेवटी एकेक बुडबुडा, जिना चढून आलेल्या माणसासारखा. कुसुम बाहेर गहू निवडत बसलेली असायची, तिथूनच म्हणायची, "झाली." मी म्हणायचो, "तुला वृत्त कळतं गं." ती म्हणायची, "मला चटणी कळते."

दुपारी तीनला बघतो तर झाकणाला आतून थेंब, खाली लाल पाणी. चटणी नव्हे, सार.

शेजारच्या गंगाबाई भिंतीवरून डोकावल्या. "काय करलालाव गुरुजी?"

सांगितलं. हसल्या. "झाकण लावल्यावर वाफ कुठं जावी? परत भांड्यातच पडनार की. काढा ते."

काढलं. दिवेलागणीपर्यंत आटली. रंग अगदी तिचा! चमच्यानं ओढली की मागं वाट राहते, तेही तसंच. चाखली. उत्तम. बरणी भरली. बऱ्याच दिवसांनी चौथीच्या पुस्तकातली पावसाची कविता मोठ्यानं म्हटली, चालीसकट.

७ डिसें., रवि.

सकाळी वाटीभर घेऊन गंगाबाईंकडे गेलो. कौतुकाच्या अपेक्षेनं, खोटं कशाला लिहू.

त्यांनी बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि उठून चूळ भरली. "मीठ लई झालंय गुरुजी. सार असताना टाकलाव, मग आटवलाव. मीठ आटतंय व्हय?"

मी म्हणालो, मला तर छान लागली.

"तुमाला छानच लागनार." हसत होत्या. "कुसुमताईचंबी तसंच. कधी मीठ लई, कधी न्हायच. मग भिंतीवरून चमचा द्यायच्या मला. मी सांगायची, त्या टाकायच्या."

म्हटलं, तिला कशाला लागतोय चमचा? तिचा हात कधी चुकला?

गंगाबाईंचं हसू गेलं. "तुमाला ठावं न्हाय व्हय?"

करोनाच्या तापात कुसुमची चव गेली होती. वासही. गल्लीत सगळ्यांचीच गेली, सगळ्यांची आली. हिची आली नाही. शेवटपर्यंत नाही. चार वर्षं.

मी विचारलं होतं. तेव्हा, ताप उतरल्यावर. "आली का गं चव?" ती म्हणाली होती, "आली."

वाटी तिथंच राहिली. घरी कसा आलो आठवत नाही.

८ डिसें.

काही नाही.

९ डिसें.

चार वर्षं ती माझ्यासमोर बसून जेवली. काय जेवत होती?

रविवारचा अळणी उपास. खंडोबाचा. तापानंतरच धरला होता. मी समजलो, बरी झाली म्हणून नवस. आणि चटणी, जी आधी बाजाराच्या दिवशी व्हायची, ती रविवारी व्हायला लागली. "माझा उपास आहे, तुम्ही बघा बरं मीठ." चमचा माझ्या तोंडापुढं. दर रविवारी.

उपास मिठाचा होता, देवाचा नव्हता. मला कळलं नाही. मला! मुलाच्या तोंडाकडे बघून मी सांगायचो की कविता पाठ नाही.

१० डिसें.

आज गंगाबाई स्वतः आल्या. भाकरी आणि शेपू घेऊन. दारातच म्हणाल्या, "रागावलाव काय?"

नाही म्हणालो. विचारलं, तुम्हाला कधी सांगितलं तिनं?

आधी सांगेनात. मग पदराशी चाळा करत सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात कुसुमला शंका आली म्हणे, की मी न चाखताच छान म्हणतो. म्हणून एका रविवारी तिनं मुद्दाम मीठ घातलंच नाही. चमचा मला दिला.

"तुमी म्हनलाव, उत्तम."

मी भाकरीवरचं फडकं सारखं केलं.

"त्याच दिवशी आल्या माझ्याकडं भिंतीपाशी. हसून हसून डोळ्यातनं पानी. म्हनल्या, गंगू, माझी जीभ गेली ती गेली, ह्यांची असून न्हाय."

हसून हसून, असं त्या म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं, नक्की हसतच होती ना?

गंगाबाई म्हणाल्या, "आता मला काय ठावं गुरुजी. पानी होतं एवढं खरं."

११ डिसें.

माळ्यावरच्या ट्रंकेतून चार वर्षांपूर्वीची रोजनिशी काढली. डिसेंबर. रविवार-रविवार बघत गेलो. सापडलं. माझंच अक्षर:

"आज चटणी. उत्तम. दुपारी दोन ओळी सुचल्या. तिसरी अडली."

एवढंच. ती तिसरी ओळ पुढं कधी सुचलीच नाही. त्या दोन कोणत्या, तेही आता आठवत नाही. बिनमिठाच्या चटणीवर मी उत्तम लिहून ठेवलंय, शाईनं.

तिनं ही वही वाचली असेल? ट्रंकेला कधी कुलूप नव्हतं.

सु.चा फोन. "बाबा, काय झालंय? आज कविता नाही, काही नाही." म्हटलं घसा. तिला माहीत आहे का आईचं? विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. माहीत नसेल तर मीच सांगितल्यासारखं. माहीत असेल तर…

१२ डिसें.

रस्त्यानं ढोकीच्या साखर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर, मोठ्यानं गाणी लावून. परसात टमाटे वेलीवरच फुटायला लागलेत. आज भिंतीपाशी गेलो आणि तेवढंच विचारलं. मला का नाही सांगितलं तिनं?

गंगाबाई कपडे वाळत घालत होत्या. चिमटे तोंडात. ते काढून म्हणाल्या, "म्यापन इचारलं होतं. तर म्हनल्या, जेवताना ते गुनगुनतेत. चव न्हाय मला, पर ते ऐकू येतंय. सांगितलं तर बंद व्हईल."

मग पुन्हा चिमटे तोंडात.

मी जेवताना गुणगुणतो हे मला माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

रविवारपासून गुणगुणलो नसणार. आज मुद्दाम प्रयत्न केला. भाकरी समोर, घशातून आवाज निघेना.

१३ डिसें., शनि.

दुसरा घाणा. उद्या सु. येणार. खारट बरणी शेणखताच्या खड्ड्यात गेली.

आज पाणी थेंबभर नाही. टमाट्याचं पाणी पुरतं. झाकण अर्ध्या वेळानं काढलं. मीठ शेवटी, आटल्यावर. दिवसभर भांड्याशी स्टूल घेऊन बसलो. विसरा म्हणे. नाही विसरलो.

आणि कान जवळ नेला तर ते मुकं नाही! फार हळू बोलतं. दोन बुडबुड्यांत एवढी जागा की त्यात कुठलंच वृत्त बसत नाही. ती अशी ऐकत असेल. नाकाला काही नाही, जिभेला काही नाही, फक्त कान. एकीकडे चटणी, दुसरीकडे मी.

मीठ अजून घातलेलं नाही. सकाळी घालीन. सकाळी जीभ स्वच्छ असते म्हणतात.

१४ डिसें., रवि.

सहाला उठून पुन्हा गरम केली. तिची छोटी पितळी वाटी घेतली, अर्धी वाटी मीठ घातलं, ढवळलं. चमचा फुंकला. तोंडात ठेवला. डोक्यात एकही ओळ येऊ दिली नाही.

आंबट. मग तिखट. मग गूळ. मीठ… आहे. पुरेसं आहे का? पाऊण शतक जेवतोय आणि एवढं सांगता येत नाही. दुसरा चमचा. कमी वाटलं. तिसरा. बरोबर वाटलं.

चौथा चमचा घेऊन भिंतीपाशी गेलो. गंगाबाई सडा टाकत होत्या. चमचा पुढं केला. "बघा बरं, मीठ."

त्यांनी बादली खाली ठेवली. हात पुढं केला नाही.

"आदी तुमी सांगा गुरुजी."

म्हटलं, तुम्ही चाखा तर.

"आदी तुमी."

चमचा तसाच घेऊन परत आलो. ओट्यावर ठेवलाय. बाजूला बरणी उघडी, आणि ही वही. सु. कळंबला साडेअकराला उतरेल. आल्या आल्या बोट बुडवणार आणि विचारणार, आईसारखी झाली का. त्याच्या आत मला दोन गोष्टी ठरवायच्यात. मिठाची एक, तिच्या आईची दुसरी.

सव्वादहा झाले. पाचवा चमचा.