दुसऱ्या हौदातली पिल्लं

भवानी पेठ, ९ मार्च १९७८

सुमतीला आज सांगून टाकलं. भाचीचं मन मोडताना बातमीदारकीची सवय काही कामाला येत नाही.

मोडनिंबजवळच्या तळ्यावर तिच्या प्रबंधासाठी दोन हौद आहेत. पहिल्यातली रोहू माशांची पिल्लं तिनं दोन मिनिटं लशीच्या पाण्यात ठेवली, दुसऱ्यातली मुद्दाम तशीच सोडली. पुढे दोन्हींना रोग लावायचा आणि कोण तगतं ते बघायचं. ती जेवायला गेली, तेवढ्यात राखणदार गंगूबाईंनी उरलेल्या लशीत दुसऱ्या हौदातली पिल्लंही बुडवून काढली.

"ह्यांनीच काय पाप केलंय?" असं मला विचारत.

मी अडवलं का नाही? रोज संध्याकाळी सर्वांच्या आरोग्याची प्रार्थना शुद्ध संस्कृतात म्हणतो. त्या सर्वांत दुसरा हौद कधी धरला नव्हता.

सुमती रागावली नाही. "किती वेळ बुडवलीत, बाई?"

"तुमी बुडवली तेवढाच येळ की."

तिनं वहीत तसं लिहिलं. मग म्हणाली, उद्या नवी पिल्लं आणू. पण निम्मी बिनलशीची ठेवावीच लागतील, नाहीतर लस खरी की खोटी ते कळायचं कसं? "कुठली ठेवायची ते तुम्हीच निवडा, बाई."

"मी न्हाय निवडायची."

सुमतीनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत बसलो. शूर मामा!

"बरं, मीच निवडते," ती म्हणाली.

परतताना एस.टी.त तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. झोपली नव्हती. मीही सोलापूर येईपर्यंत खांदा हलवला नाही.