साखरेच्या पोत्यामागची फिल्म

घाटनांदूर,
४ फेब्रुवारी १९९६

प्रिय ईश्वरी,

तू माहेरी वडगावला जाऊन पाच आठवडे झाले. दुकानात बायका विचारतात, वहिनी कधी येणार? मी वजन करत राहतो. आईला हल्ली जेवण जात नाही, पण तुझं नाव घेत नाही. म्हणते, "यंदाची ज्वारीच लई खराब हाय."

पहिल्यांदा फिट आली तेव्हा आईनं तुला गंडा बांधला. दुसऱ्यांदा आली तेव्हा तुझ्या माहेरचं रक्तच खराब म्हणाली. सिद्धारामअप्पा आले आणि आपल्या लेकीला घेऊन गेले. मी दारात उभा होतो. मला खरं कारण ठाऊक होतं.

लातूरला तुझ्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला, तेव्हा 'नुसता अशक्तपणा आहे' असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरून एक बारीक गोल कडं दाखवलं, आत पांढरा ठिपका. म्हणाले, ही जंताची अळी. डुकराचं मांस खाणाऱ्याच्या पोटात होतो तो जंत. मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. म्हटलं, साहेब, आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. ते म्हणाले, त्या माणसाच्या विष्ठेतून जंताची अंडी मातीत जातात, तिथून न धुतलेल्या भाजीवर. तुम्ही काय खाता याचा संबंध नाही. मला पटलं. पण डुकराचं नाव निघालं की गाव पुढचं ऐकणार नाही, या भीतीनं फिल्म साखरेच्या पोत्यामागे दडवली. बोल मात्र तुला लागले.

काल आईला सगळं सांगितलं. फिल्म उन्हात धरून ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काहून लपवलंस रे? त्या लेकराला मी काय काय बोलले." आज सकाळपासून मेथी चौथ्यांदा धुतेय.

ताकदीच्या म्हणून दिलेल्या गोळ्या फिटच्या आहेत, ईश्वरी. एकही दिवस चुकवू नकोस. संपत आल्या असतील, म्हणून पत्राबरोबर आणखी पाठवतोय. मंगळवारी लातूरला दुसरा स्कॅन आहे. अळी बहुधा आपोआप विरते, असं डॉक्टर म्हणाले होते; गेली की राहिली, ते त्यात कळेल. सकाळच्या गाडीनं मी वडगावच्या स्टँडवर येतो, अप्पांनाही आण. डॉक्टरांसमोर तू बस, हवं ते विचार. मी बाहेर थांबेन. परतताना घाटनांदूरची गाडी धरायची की वडगावची, ते तू सांग. तिकीट मी त्याच गावचं काढीन.

तुझाच,
संगमेश्वर