निळीचं पोळं

१४ एप्रिल
निळीने पिवळीला चावलं! पंखाच्या मुळाशी. दोघी गांधीलमाश्या गोठ्याच्या तुळईवरून गुंतलेल्याच खाली पडल्या — नांग्या बाहेर. सुटल्या, परत वर गेल्या. पिवळी पोट टेकून बसली, मिशा खाली. निळी तिच्या अंगावर चढून डोक्यावर मिशा आपटत राहिली. ठरलं म्हणायचं. राणी निळी. (ओळखू याव्यात म्हणून पाठीवर रंगाचे ठिपके मीच लावलेत.)

१९ एप्रिल
माझी इटालियन घरमालकीण आर्जियाबाई पेटता बोळा घेऊन आल्या! "माझ्या गोठ्यात ही पीडा नको." हातापाया पडले. "बघतेस तरी काय दिवसभर, दाखव." नेमकं तेव्हाच पिवळीने अंडं घातलं. ती वळायच्या आत निळीने ते खाल्लं! "अगं बाई, ही तर माझी सासू!" बाई हसत सुटल्या. बोळा विझवला.

३ मे
पिवळी मेली. खाली पडलेली, मुंग्या लागलेल्या. मान अर्धी तुटलेली.

२८ मे
निळीच्या लेकी बाहेर आल्या. चार. त्यांनाही ढुशा मारून कामाला हाकलते. आर्जियाबाई सकाळी कॉफी घेऊन येतात नि तिथेच रेंगाळतात. "हिने एकटीने उभं केलंय गं सगळं. माझे हे गेले तेव्हा दोघे दीर कुऱ्हाड घेऊन आले होते, शेत बळकावायला. मी फावडं उचललं." एका दिराला अजून अर्धाच कान आहे म्हणे. बाजारात ऑलिव्ह विकताना भेटतो. नमस्कार करतो!

६ जून
परकी आली. ठिपका नाही, अंगाने दांडगी. सरळ निळीवर. दोघी तुळईवर लोळत होत्या, कडकड चावल्याचा आवाज मला ऐकू येत होता. निळीचा पंख फाटला. पाय तुटून खाली पडला. मग तीच पडली, सरपटत गवतात गेली.
"मार तिला! मार की!" बाईंनी पायातली चप्पल काढली. मी त्यांचा हात धरला. घट्ट.
परकीने निळीच्या अळ्या एकेक ओढून काढल्या, चावल्या, फेकल्या. लेकी तिच्यापुढे मिशा टेकून बसल्या.
"बघत बसलीस तू," बाई म्हणाल्या. "नुसती बघत."
फ्लॉरेन्सहून माझे मार्गदर्शक घेरार्दो सर, त्यांचा फोन. फारच खूश. माझ्या प्रबंधाला हेच हवं होतं म्हणे. "हात मात्र लावायचा नाही हं."

७ जून
कॉफी नाही. बाईंनी खिडकीही उघडली नाही.

८ जून
परकीला चिमट्यात धरलं. निसटली. हाताने धरली — नांगी अंगठ्यात गेली, तरी सोडलं नाही. डोकं चिरडलं. बरं वाटलं! सरांना काय सांगू?
बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी माझा सुजलेला अंगठा व्हिनेगरमध्ये बुडवला नि कपाळाचा मुका घेतला.

९ जून
निळी परतली! फाटका पंख ओढत, तुळईवरून चालत. थोरली लेक पुढे आली. मिशा टेकल्या नाहीत. निळीची मान धरली. मग बाकीच्या तिघीही तिच्यावर तुटून पडल्या.
आर्जियाबाई शेजारीच उभ्या होत्या. माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघून म्हणाल्या, "आता? ह्यांनाही मारणार?"