विनीचं बीळ

३ मार्च
नात तेगनचं फर्मान — "घराण्याचं पुस्तक छापायचंय, आजी, विनीचं तू लिही!" वहीसुद्धा तिनेच आणून दिली. माझी शाळा तिसरीपर्यंत. लिहिलं: "माझी धाकटी बहीण विनी सातव्या वर्षी बेटावर साप चावून वारली." झालं. आणखी काय हवंय?

५ मार्च
तेगनबाईंनी नापास केलं! "हे तर थडग्यावरचं झालं, आजी. शब्द कसा हवा, वाचणाऱ्याच्या हाताला लागला पाहिजे. वास कसला होता? बिळात हात घातला की कसं वाटतं?"
म्हटलं, "बेटावर पक्ष्यांची पिल्लं धरायचा हंगाम येतोय. घालून बघ की."

९ मार्च
लिहिलं परत. बिळात घरटं करणाऱ्या मटनबर्ड या समुद्रपक्ष्याच्या तेलाचा खवट वास, महिनाभर केसांतून न जाणारा. शेडमध्ये पिसं उपटणारी आई, ओठाला चिकटलेलं पीस. बाबा पुढे, आम्ही बहिणी मागे. पालथं पडायचं, खांद्यापर्यंत हात बिळात. ऊब लागली तर पिल्लू. गार लागलं तर साप — हात बाहेर! आमच्यात हे चालायच्या आधी शिकवतात. विनीच्या काठीला चार पिल्लं लटकलेली, माझी काठी रिकामी. मी नऊ वर्षांची. ती जीभ काढून दाखवायची.
तेगन रडली. "आत्ता दिसली बघ विनी!"
मला रोज दिसते.

१० मार्च
उजवा हात गार पडलाय. चुलीपाशी धरला. छे.

१४ मार्च
तेगनने स्वतः लिहिलेलं पुढचं पान वाचून दाखवलं. "बापाच्या हलगर्जीपणाने चिमुरडीचा जीव गेला." म्हणे, "सगळे तेच म्हणायचे ना? एवढ्याशा पोरीला नेलीच कशाला?"
म्हणायचे. बाबांनी होडी विकली. पुन्हा बेटावर पाऊल ठेवलं नाही. मरेपर्यंत कुणाला उलटून एक शब्द बोलले नाहीत.
"हलगर्जीपणा — नेमका शब्द आहे ना, आजी?"
म्हटलं, "तुझा चहा निवला."

१९ मार्च
उद्या पुस्तक छापायला जाणार. हात गारच.

२० मार्च
तेगन, ही वही तुझ्या टेबलावर ठेवतेय. बाबांचं ते वाक्य खोड. त्या जागी लिही — बीळ गार होतं. आधी माझाच हात आत गेला होता. काढून घेतला, आणि विनीला म्हटलं, "घे, हे तुझं."