सर्व्हरवर कुलूप होतं

नवीन पनवेल
१४ डिसेंबर २०२५

प्रिय प्राची,

चार महिने तुला उत्तर दिलं नाही, माफ कर. तुझे अकरा फोन आले आणि मी ते वाजू दिले. आधी इथे ‘कामात होते’ असं लिहिलं होतं, ते खोडलं, कारण कामात नव्हते. तुझी महाडची नवीन शाळा कशी आहे? आई बरी आहे, धाकट्या रियाचं बारावीचं वर्ष आहे. खारघरची नोकरी मी ऑक्टोबरात सोडली.

शैलेश तुझ्याकडे आहे असं कळलं. त्याच्या जबड्याची तार निघाली का? डाव्या कानाने थोडं तरी ऐकू येतं का? तुझ्या भावाबद्दल विचारायचा हक्क मला उरलेला नाही, तरी विचारते.

परवाच्या निरोपात तू लिहिलंस की मी तिथे होते, तर काय झालं ते मी एकदा सांगावं.

ऑगस्टात मासेमारी नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे बर्फाच्या कारखान्यात गर्दी होती. मी तिथल्या सॉफ्टवेअरच्या तपासणीला गेले होते. अमोनियाच्या लाइनची दुरुस्ती करायची असेल तर फिटरने आधी ऑफिसच्या संगणकावरून सर्व्हरवर तिला कुलूप लावायचं, म्हणजे कारखान्यातल्या पॅनेलच्या स्क्रीनवरून ती कुणाला उघडता येत नाही, ही सोय मी केलेली. तिथले फिटर काशिरामकाका, त्यांनी तीन नंबरला कुलूप लावलं आणि ते सील बदलायला वाकले. पॅनेलवर शैलेश होता. त्याने लाइन उघडली.

अमोनिया थेट काकांच्या तोंडावर आला. ते ओरडले नाहीत, ओरडायला श्वास लागतो. दोन्ही हातांनी डोळे ओरबाडत ते धावले, भिंतीवर आपटले, उठले आणि पुन्हा त्याच भिंतीवर आपटले. पाण्याचा पाइप मी धरला होता. पाण्याबरोबर त्यांच्या गालाची कातडी निघून आली. तिसऱ्या दिवशी ते गेले. काकूंना, सोनाबाईंना, चेहरा दाखवला नाही.

काकांचा पुतण्या मिथुन बर्फ भरायला आला होता, बोटीवरची माणसं घेऊन. काकांना गाडीत घातल्यावर त्यांनी शैलेशला कॉलर धरून आवारात ओढलं. चार जण होते असं मी जबाबात सांगितलं, पण सहा होते. तोवर नुसती ढकलाढकल होती. शैलेशने मला पाहिलं आणि ओरडला, “अनुयाताईला विचारा. स्क्रीनवर कुलूप नव्हतं.”

मिथुन माझ्याकडे वळला. रडत होता. “म्याडम, तुमी सांगा. कुलूप व्हता का नाय?”

मी म्हटलं, “सर्व्हरवर कुलूप होतं.”

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा मिथुनच्या हातात होता. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानावर. शैलेशने हात वर केला तेव्हा बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. खाली पडल्यावर दोघांनी त्याचं डोकं धरून फरशीवर आपटलं, पुन्हा आपटलं, मग तसंच घासत नेलं. एक जण पोटात लाथा मारत होता आणि प्रत्येक लाथेला काकांचं नाव घेत होता. मी पाच-सहा पावलांवर उभी होते. ‘पुरे’ म्हणाले असं मला वाटतं, पण खात्री नाही.

प्राची, माझं वाक्य खरं होतं. मिथुनने विचारलं होतं ते पॅनेलबद्दल, आणि मी उत्तर दिलं ते सर्व्हरबद्दल. हा फरक तिथे फक्त मला कळत होता.

आपण बीएस्सीला एकत्र होतो, त्यामुळे तुला समजेल. लाइनचा नंबर आणि तिची स्थिती अशा जोड्यांची डिक्शनरी सर्व्हरवर असते. तिच्यावरून मी माझी वेगळी डिक्शनरी बनवली आणि कुलपांची नोंद तिला बाहेरून जोडली. ती वेब सेवेतून पॅनेलकडे पाठवताना बांधणारा कोड तिला साधी डिक्शनरी समजतो. तो फक्त जोड्या बांधतो, जोडलेलं बाकीचं टाकून देतो आणि कसलीही चूक दाखवत नाही. पॅनेलकडे यादी पूर्ण पोहोचली, कुलूप पोहोचलं नाही. ते न आल्यास लाइन मोकळी समजायची, हेही मीच लिहिलेलं. चाचणी मी दोन्ही बाजू एकाच संगणकावर ठेवून, मधली सेवा वगळून केली होती. तिथे कुलूप दिसत होतं.

मार्चमध्ये शैलेशचा फोन आला होता. हसत म्हणाला, “ताई, तुमचं कुलूप सुट्टीवर गेलंय का? कधी दिसतच नाही.” मी त्याला पान रिफ्रेश करायला सांगितलं. नंतर केलं का, हे विचारलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र चार महिन्यांपूर्वीच लिहिता आलं असतं.

ऑगस्टातल्या त्याच दुपारी, शैलेशला रिक्षातून दवाखान्यात नेल्यावर, मी लॅपटॉप उघडला. जोड्या एका खान्यात, कुलपं दुसऱ्या खान्यात, आणि दोन्ही मिळून एक साधं पाकीट, अशी दुरुस्ती केली. चाळीस मिनिटं लागली. कुणाला आणखी इजा होऊ नये म्हणून केली, असं मी स्वतःला सांगत आले. तेही खरं असेल. पण दुसऱ्या दिवशी तपासनीस आले तेव्हा पॅनेलवर तीन नंबरचं कुलूप स्वच्छ दिसत होतं. त्यांनी लिहून घेतलं की शैलेशने ते पाहूनही लाइन उघडली. मी शेजारी उभी होते. मला विचारलं तेव्हा मी तेच वाक्य पुन्हा बोलले आणि खाली सही केली.

तुझ्या निरोपाची शेवटची ओळ वाचेपर्यंत मी गप्प राहू शकले. शैलेश आता म्हणतो, ताई खोटं बोलणार नाही, कुलूप असेलच, मलाच दिसलं नसेल. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तो माझ्या शब्दाखातर खोटं मानायला लागला आहे. त्याला आजच वाचून दाखव, उजव्या बाजूला बसून: स्क्रीनवर कुलूप नव्हतं.

जुना कोड मी पुसलेला नाही. तारखेसकट आहे.

उत्तर देऊ नकोस असं म्हणणार नाही. दिलंस तर जे असेल ते वाचेन.

अनुया

उद्या: जुन्या आणि नव्या कोडच्या छापील प्रती घेऊन पोलीस ठाण्यात जाणे, जबाब बदलणे.