अंगावर काढलेला ताप

६ ऑगस्ट, बुधवार

वजन ५८.२. नाडी ९६.

झालं, लिहिलं! डॉक्टर योगिनी मॅडमनी एवढंच लिहायला सांगितलंय — रोज सकाळी, चहाच्या आधी. लेकीने, सृष्टीने, तिची बारावीची अर्धी कोरी वही दिली. पण एवढ्या मोठ्या पानावर दोनच आकडे बरे दिसत नाहीत. शिवाय आठ दिवस दवाखान्यात गप्प पडून तोंडाला नुसती खाज सुटलीय.

तर, माझ्या हृदयाच्या स्नायूला सूज आलीय. जुलैत चार दिवस ताप होता, तो अंगावर काढला. तापातच झेंडू तोडला, क्रेट उचलले. छातीत दुखलं तर पित्त समजून सोडा प्यायले. अंग दुखलं तर मेडिकलमधून गोळी आणली. पाचव्या दिवशी बांधावर बसले ती उठलेच नाही. तापाचा विषाणूच हृदयात शिरला होता म्हणे. चांगलं हृदय एका ठोक्याला पंचावन्न-साठ टक्के रक्त बाहेर ढकलतं. माझं पस्तीस.

"पाय मुरगळला तर त्यावर पळता का?" मॅडम म्हणाल्या. "हृदयाला तर प्लास्टरही घालता येत नाही, ते चालूच राहणार. म्हणून बाकीचं सगळं तुम्ही थांबवायचं. तीन ते सहा महिने."

नाहीतर? नाहीतर हृदय कायमचं अधू होतं, कधी ठोका चुकतो आणि माणूस उभ्या उभ्या जातो. हे मॅडमनी फक्त ह्यांना सांगितलं, दाराबाहेर. मला ऐकू आलं.

७ ऑगस्ट

५८.१. ९२. पडून आहे. छताच्या पत्र्याला एकतीस खिळे आहेत.

११ ऑगस्ट

५८.२. ८८.

सासूबाईंचा पट्टा सुरू. "आमी बाळातपणंबी अंगावर काढली! आन् ह्या पोरीला तापानं खाटंवर पाडलं." बेचाळीस वर्षांची पोर! बोलतात, पण ताट हातात आणून देतात. उठायला लागले की डोळे वटारतात.

१४ ऑगस्ट

घरात कुणी नाही असं बघून कळशी उचलली. एकच! अंगणातून न्हाणीपर्यंत. छातीत असं धडधडायला लागलं की भिंत धरून खाली बसले. नाडी १२८. लिहू की नको? लिहिलं.

सृष्टीने वाचलं. संध्याकाळी एक बादली सोडून घरातले सगळे हंडे-कळश्या तिने माळ्यावर टाकल्या. मी खरंच घाबरले आज. मला मरायचं नाहीये. इतकं साधं वाक्य आहे, पण आजवर कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

२३ ऑगस्ट

५९.८! दोन दिवसांत दीड किलो. मी खूश, म्हटलं आराम अंगी लागला! सृष्टीने मॅडमना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "ते मांस नाही, पाणी आहे. मीठ कुठून गेलं पोटात?"

गेलं ते ठेच्यातून. माझी अळणी भाजी बघवत नाही म्हणून सासूबाई भाकरीखाली ठेचा सरकवत होत्या, आणि मी चाटूनपुसून खात होते. चार दिवस अंगातलं पाणी काढायची गोळी वाढवलीय. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाल्या, "आता मीबी तुज्यासारखंच अळणी खाते. मंग झालं?" आणि खरंच खायला लागल्या!

९ सप्टेंबर

५७.९. ७४.

काही झालं नाही. किती छान! ह्यांना चहा जमायला लागलाय. साखर अजून हाताबाहेर जाते, पण त्याची मॅडमना खबर नाही. लग्नाला वीस वर्षं झाली आणि दहाच्या सुमाराला लिंबाची सावली बरोबर ओट्यावर येते हे मला आता कळतंय! पायऱ्या चढले तरी दम लागला नाही. सुख म्हणतात ते हेच असावं. असं लिहू नये, माझीच दृष्ट लागायची.

१ ऑक्टोबर

५८.०. ७२.

उद्या दसरा. ह्यांना भाव करता येत नाही, गिऱ्हाईक म्हणेल त्याला "घ्या" म्हणतात. म्हणून एवढी वर्षं दसऱ्याला फुलबाजारात मीच. आज माझ्या जागी सासूबाई आणि सृष्टी गेल्या. हे नुसते टेम्पो चालवायला. सकाळपासून माझा जीव टांगणीला.

दुपारी क्रेट रिकामे करून परत! सासूबाईंची कॉलर ताठ — म्हणजे असती तर! "व्यापारी म्हणला, प्रतिभाबाई कुठंय? म्हणलं, तिची सासू हाय ना. बोल."

सगळ्यांबरोबर हसले आणि आत जाऊन रडले. माझ्यावाचून कुणाचंच अडलं नाही. थोड्या वेळाने वाटलं, अडावं अशी इच्छा होती की काय तुझी? वेडी! तोंड धुऊन बाहेर आले आणि तोरणं ओवायला बसले. ते चालतं, मॅडमना विचारलंय.

१० नोव्हेंबर

आज इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. चोपन्न! चोपन्न टक्के!

मॅडम म्हणाल्या, क्रेट अजून नाही. गोळ्या चालू. सहा महिने झाले की पुन्हा सगळं तपासायचं, मग शेत. "आणि ताप आला की झोपायचं. अंगावर काढायचा नाही." मी मान डोलावली. हे दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, भर रस्त्यावर. मग पेढे घ्यायला गेलो तर दुकानदाराला विचारतात, यात मीठ नाही ना? तो माणूस बघतच राहिला.

१२ नोव्हेंबर

सकाळी घरात आम्ही दोघीच. सासूबाई खाटेवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. "तुज्या त्या मॅडम म्हाताऱ्या मानसाला बघत्यात का?"

आडवं झालं की दम लागतो म्हणे. दोन वर्षं! भिंतीला टेकून झोपतात, मला वाटायचं सवय असेल. पातळ वर करून पाय दाखवले. घोट्यावर अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडला, भरून येईना. ह्या पायांनी तीन महिने माझं सगळं केलं.

"आधी का नाही सांगितलं, आत्या?"

"आधी तोडणी होती. मंग तू पडलीस. घरात एका टायमाला दोन बाया आजारी पडून कसं चालंल?"

उद्या अकराची वेळ मिळालीय. "समाधानला इतक्यात सांगू नको," ह्यांच्याबद्दल म्हणाल्या, "घाबरतंय ते."