छपराचा तिसरा थर

शनिवार, १२ ऑक्टोबर

झालं एकदाचं छप्पर! चर्चमधले सगळे पुरुष सकाळीच शिड्या घेऊन आले आणि अंधार पडायच्या आत जुन्यावरच नव्या डांबरी पट्ट्या ठोकून मोकळे. बायकांनी हॅम, बीन्स, मक्याचा ब्रेड आणून टेबल भरून टाकलं. आमच्या ह्यांना, लॉइडला, शिडी चढायची नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. खुर्चीत बसून बघत होता बिचारा.

शेजारची ऑर्फा मात्र शिडीखाली उभी राहून, "काउंटीच्या कचेरीतून परवानगी काढलीस का गं?" इथे रस्ता धड नाही, आणि म्हणे परवानगी! सगळे हसले.

मंगळवार, १५

काउंटीचा इमारती तपासणारा इन्स्पेक्टर मेरिल आला. कुणीतरी फोन केला म्हणे! कुणी, ते सांगायचं नाही. सरळ मागच्या कोपऱ्यात शिडी लावून पट्ट्या उचकटल्या. खाली जुने दोन थर – एक आमचा, एक माझ्या बाबांच्या वेळचा. तो कुणाच्या लक्षातच नव्हता.

"दोनच्या वर चालत नाही, बाई. वासे वाकलेत. सगळं उतरवा, वासे बदला. तोवर इथे राहता येणार नाही."

दारावर लाल कागद चिकटवला. माझ्या दारावर! मी जन्मले त्या घराच्या!

आणि निघताना वर म्हणतो कसा, "गोठ्यावर हवे तेवढे थर घाला. शेतीच्या इमारतीला परवानगी लागत नाही." म्हणजे गाईंनी राहायचं आणि मी निघायचं.

बुधवार, १६

ऑर्फाच. दुसरं कोण?

शुक्रवार, १८

पास्टर येऊन गेले. वासे बदलणं आपल्या माणसांच्या आवाक्यातलं नाही म्हणाले. मान खाली घालून बसले होते. माझं घर गेलं, आणि समजूत मी त्यांची काढतेय!

जोलीनचा फोन. "आई, खोली तयार आहे. हॉस्पिटल अगदी जवळ." मी म्हटलं, गोठ्यात झोपेन पण शहरात येणार नाही. पोरगी रडायला लागली. लॉइड निमूटपणे बॅग भरत होता. त्याचा असा संताप आला मला!

रविवार, २०

चर्चमध्ये सगळ्यांसमोर ऑर्फाला म्हटलं, "माझं घर घालवलंस. झालं समाधान?" पांढरीफटक पडली. इतकी वर्षं आम्ही एका बाकावर बसतोय – उठून निघून गेली. बरं झालं!

गुरुवार, २४

जोलीनकडे. जेवताना लॉइड म्हणाला, "ऑर्फाला फोन कर. माफी माग."

"मी? तिची?"

"मेरिलला मी बोलावलं होतं. कुठला कोपरा उचकटायचा, तेही मीच सांगितलं. उन्हाळ्यात दोनदा छातीत कळ आली, दोन्ही वेळा ॲम्ब्युलन्सची वाट बघत पडून होतो. इकडे ये म्हणून विचारलं असतं, तर आली असतीस तू?"

नसते आले.